मुंबई बंदरात छोटी होडी आणि सर्वे ऑफ इंडियाचं भरती-ओहोटीचं पुस्तक

ज्यांची होडी पंधरा-वीस फुटांची आहे, इंजिन नाही किंवा असलंच तर अगदी लहान, आणि तरीही ज्यांना गेटवेवरून मांडवा, घारापुरी, करंजा असं स्वतःच्या हिमतीवर जायचंय, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. कयाकवाल्यांनीही वाचावा, त्यांना तर जास्तच गरज. वस्तू आहे सर्वे ऑफ इंडिया दरवर्षी काढतं ते ‘इंडियन टाइड टेबल्स’. मी माझगावात राहते, आठवडाभर हिशेबाच्या वह्या तपासते आणि पावसाळा सरला की रविवारी भाच्याबरोबर शिडाची होडी काढते. आमच्या होडीवर मोबाइल आहे, हातातला व्हीएचएफ रेडिओ आहे, होकायंत्र आहे. पण सहल ठरते ती या पुस्तकावर.

पुस्तक घ्याच. फक्त ते काय देतं आणि काय देत नाही हे नीट समजून घ्या, कारण जे ते देत नाही नेमकं त्याचीच छोट्या होडीला सगळ्यात जास्त भीती असते.

‘मुंबई, अपोलो बंदर’ (म्हणजे गेटवेजवळचंच) असं पान उघडलं की प्रत्येक तारखेपुढे बहुतेक चार ओळी दिसतात. दोन भरत्या, दोन ओहोट्या. प्रत्येकीची चार अंकी वेळ, भारतीय प्रमाणवेळेनुसार, आणि शेजारी मीटरमध्ये उंची. बस्स, एवढंच. चंद्राचा दिवस चोवीस तास पन्नास मिनिटांचा, म्हणून वेळा रोज पुढे सरकतात. एखाद्या दिवशी तीनच ओळी दिसल्या तर घाबरू नका, चौथी मध्यरात्र ओलांडून उद्यात गेलेली असते.

या साध्या पानामागे केवढं काम आहे ते सांगायलाच हवं. अपोलो बंदरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. इतक्या जुन्या सलग नोंदी जगात फार थोड्या बंदरांच्या आहेत. १८७९ मध्ये तर खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये पितळी चाकांचं, कप्प्यांचं एक गणकयंत्र बांधलं गेलं. चंद्र-सूर्याच्या ओढीचे वेगवेगळे घटक त्यात एकेका चाकावर बसवायचे, हँडल फिरवायचं, की वर्षभराची भरतीची रेघ कागदावर उमटायची. आता संगणक आहे, पण रीत तीच. आपल्या बंदरातल्या पाण्याच्या जुन्या नोंदींतून घटक काढायचे आणि पुढच्या वर्षाचं भाकीत करायचं. म्हणून या पानावर माझा भरवसा आहे. ते जगाच्या नकाशावरून ओढलेलं अंदाजपंचे नाही, आपल्या पाण्याचं आहे.

भाचा म्हणतो, “मावशी, फोनमध्ये सगळं येतं गं, पुस्तक कशाला?” येतं, खरंय. फुकट अ‍ॅप झकास वक्र काढून दाखवतात आणि मीही ते बघते. पण एक गोष्ट तपासल्याशिवाय त्यातला आकडा वापरू नका. काही अ‍ॅप उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात, त्यामुळे ओहोटीला ‘उणे १.७’ असं दिसतं. पुस्तकातली उंची मोजलेली असते सागरी नकाशाच्या शून्यपातळीपासून. ही पातळी जवळपास सगळ्यात खालच्या ओहोटीएवढी असते. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. नकाशावर लिहिलेली खोली अधिक पुस्तकातली उंची, म्हणजे त्या क्षणी होडीखाली असलेलं पाणी. इतका सरळ हिशेब. तिथे दुसऱ्या शून्यावरचा आकडा घातलात की अडीच मीटरचा घोटाळा, आणि मुंबईच्या चिखलात अडीच मीटर म्हणजे फार झाले. शिवाय बरीच अ‍ॅप स्वतःच बारीक अक्षरात लिहितात की हे नौकानयनासाठी वापरू नका. त्यांचं म्हणणं मानायला काय हरकत आहे?

आता मुख्य तक्रार. पानावर पाण्याची उंची आहे, पाण्याचा वेग नाही. आणि आपल्याला वाहून नेतो तो वेग. मुंबई बंदराचं तोंड नैऋत्येला. भरतीचं पाणी तिथून आत शिरतं, ठाणे खाडीकडे आणि धरमतरकडे चढतं, आणि ओहोटीला तेवढंच सगळं परत बाहेर पडतं. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या भरतीच्या, दिवसांत हा ओघ दोन-अडीच नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो, चिंचोळ्या जागी त्याहूनही जास्त. आमची होडी बऱ्या वाऱ्यात चार नॉट करते. वल्हवलेली कयाक तीन. म्हणजे अर्धी किंवा त्याहून जास्त ताकद ओघाच्या हातात. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत सातेक सागरी मैल. पाणी थांबलेलं असतं तर पावणेदोन तास. दोन नॉटचा ओघ पाठीशी असेल तर सव्वा तासाच्या आतच. तोच समोरून आला तर साडेतीन तास, आणि तेवढ्या वेळात वारा, ऊन, सगळंच बदलतं.

मग वेग काढायचा कसा? पुस्तकातूनच, पण पेन्सिल घेऊन. मी दोन लागोपाठच्या उंचींची वजाबाकी करते आणि ती समासात लिहिते. माझ्या मते पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच, आणि नेमका तोच छापलेला नाही. अपोलो बंदरला उधाणाची सरासरी भरती ४.४ मीटरच्या आसपास आणि ओहोटी ०.८ च्या आसपास, म्हणजे फरक ३.६. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत भरती ३.३ आणि ओहोटी १.९, फरक जेमतेम १.४. दोन्ही वेळा पाण्याला हातात तास सारखेच, सहा आणि वर थोडी मिनिटं. म्हणजे उधाणाला तेवढ्याच वेळात अडीचपट पाणी हलायला हवं आणि ओघही साधारण त्याच प्रमाणात वाढतो. उधाणाला जिथे अडीच नॉट तिथे भांगाला एक. अष्टमीच्या आसपास जी सहल मजेची असते, तीच अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत अंगावर येऊ शकते. तारीख सुट्टी बघून ठरवू नका, आधी फरक बघा.

त्या सहा तासांतही पाणी एका वेगाने चढत नाही. बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ३.६ असेल तर पहिल्या तासात ३० सेंटीमीटर, तिसऱ्यात आणि चौथ्यात ९०-९०. हे दोन मधले तास म्हणजे ओघाचा कळस. मुंबईच्या पाण्याला हा हिशेब चांगला लागू पडतो, आणि भरतीची वेळ माहीत असली की बोटांवर होतो.

इथे आपल्याकडच्या दोन भरत्या सारख्या नसतात हेही ध्यानात ठेवा. एकाच दिवसात एका उतारात साडेतीन मीटर पाणी जाईल आणि पुढच्यात सव्वादोन. पावसाळ्यात मोठी भरती दुपारच्या सुमाराला येते (महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते त्या याच), आणि थंडीत तीच मध्यरात्रीच्या आसपास जाते. त्यामुळे डिसेंबरातल्या पौर्णिमेला ‘आज उधाण आहे’ एवढं ऐकून घाबरायचं कारण नसतं. दिवसाचा उतार कितीचा, ते पानावर बघा.

करंज्याला एक म्हातारे नाखवा आहेत. पुस्तक दाखवलं की ते आधी विचारतात, “तिथ कंची आज?”

“पंचमी, नाखवा.”

“मंग पावणेचारला भरती.”

तिथीची पाऊणपट करायची, आला तो भरतीचा तास. पंचमी म्हणजे पावणेचार, अष्टमी म्हणजे सहा. कोकण किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या हेच चाललंय. पुस्तकाशी ताडलं तर तास-अर्धा तास इकडेतिकडे होतं, पण ढोबळ बेत आखायला हे उत्तम. लग्नाला जायचंय की होडीवर, हा निर्णय मी दिनदर्शिकेवरच्या तिथीवरून घेते. पुस्तक उघडते ते बेत पक्का करताना.

नाखवांकडून घेण्यासारखी याहून मोठी गोष्ट म्हणजे डोल. डोलीचं जाळं ओघाच्या तोंडाला बांधून ठेवतात, पाणीच मासळी आत ढकलतं, आणि पाणी मंदावलं की जाळं उचलतात. म्हणजे या माणसांचं सगळं पोट पाणी कधी फिरतं यावर. डोलीवरची होडी जाळं ओढायला लागली की समजायचं, ओघ संपत आला. पुस्तकातल्या भरतीच्या मिनिटाला ओघ थांबतो असं नसतं. मुखाजवळ, खाडीत, खडकाच्या आडोशाला, प्रत्येक ठिकाणी त्याचा क्षण थोडा मागेपुढे. ठाण्याच्या दिशेने वर जाल तसा भरतीलाच उशीर होत जातो. हा मागेपुढेपणा अपोलो बंदरच्या पानावर कुठून असणार! तो आपणच नोंदवायचा. माझ्या पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर अशा नोंदी आहेत, जागा, तिथी, पुस्तकातली वेळ आणि पाणी खरोखर फिरलं ती वेळ.

पाणी फिरतंय हे ओळखायचं कसं, तर गेटवेसमोर नांगरलेल्या होड्यांकडे बघा. भरती आत येत असेल तर सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, ओहोटी बाहेर जात असेल तर आतल्या बाजूला. मधल्या वीस-पंचवीस मिनिटांत कोणी इकडे, कोणी तिकडे, एखादी आडवी. बोयाकडेही (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणेकडे) बघा. मधल्या तासांत तो ओघाच्या दिशेने कललेला असतो, वरच्या बाजूला पाणी चढून फुगतं आणि मागे लांब सळ उमटते. डोलीच्या जाळ्याला बांधलेलं तरंगतं पिंप तर उधाणाच्या ओघात पाण्याखाली ओढलं जातं आणि फक्त एक गुळगुळीत, फिरता डाग वर दिसतो. त्या डागावरून होडी नेऊ नका. खाली दोर असतो, आणि तो सुकाणूत अडकला तर ओघ होडीला तिथेच धरून ठेवतो.

मांडव्याचा बेत मी असा आखते. थंडीतली चतुर्थी किंवा पंचमी शोधायची, सकाळची ओहोटी नऊ-सव्वानऊला येईल अशी. उतार मध्यम असतो. उजाडल्यावर साडेसातला अपोलो बंदर सोडायचं. ओहोटीचा जोर ओसरत आलेला, पण अजून पाठीशी. सकाळचा जमिनीवरून येणारा वाराही त्याच दिशेचा, म्हणून पाणी सपाट. नऊच्या आसपास मांडवा, तेव्हा पाणी थांबायच्या बेतात. तिथे किनाऱ्याजवळ उथळ आहे, त्यामुळे चढत्या पाण्यात पोहोचणं कधीही बरं. रुतलात तरी पाणीच तासाभरात उचलतं. उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढच्या भरतीची वाट. मग चहा, पोहे, आणि अकरा-साडेअकराला परत. भरती ऐन जोरात, आपल्याला घराकडे ढकलणारी. दुपारचा समुद्रावरचा वारा तापायच्या आत होडी बोयाला.

हाच बेत उलटा केला तर? दुपारी ओहोटी बाहेर पडत असताना समुद्रावरचा वारा तिच्या तोंडावर येतो. वारा आणि ओघ समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात, एकीतून होडी सावरते न सावरते तोच दुसरी. तोच बारा नॉटचा वारा भरतीबरोबर असता तर कुणाच्या लक्षातही आला नसता. म्हणून वाऱ्याचा अंदाज आणि पुस्तकाचं पान शेजारी ठेवून वाचायचं, वेगवेगळं नाही. लाटांसाठी मी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा अंदाज बघते, तो मोफत आहे आणि त्यात लांबून येणाऱ्या लाटांच्या फुगाऱ्याचीही सूचना असते. मच्छीमारांसाठीचा हवामान खात्याचा इशारा असेल, तर त्या दिवशी बेत रद्द.

घारापुरीचा प्रश्न वेगळा. गेटवेपासून सहाएक मैल पूर्व-ईशान्येला, म्हणजे ओघ बराचसा आडवा. नाक बेटाकडे धरून वल्हवत राहिलात तर बेट बाजूला सरकत जातं. ओघाच्या वरच्या बाजूला तोंड धरायचं. चार नॉटची होडी आणि दोन नॉटचा पूर्ण आडवा ओघ असेल तर तीस अंश, आणि पुढे जायचा खरा वेग साडेतीनच्या आत. तीन नॉटच्या कयाकला बेचाळीस अंश तोंड फिरवावं लागतं आणि वेग उरतो सव्वादोन. कयाकवाल्यांनी हा आकडा एकदा कागदावर काढून बघावा, मग भांगाच्या दिवसांची किंमत कळते. दिशा बरोबर आहे की नाही हे तपासायला समोरच्या दोन खुणा एका रेषेत धरायच्या. जवळची खूण लांबच्या खुणेवरून सरकायला लागली की ओघ तुम्हाला नेतोय. बेटाच्या भोवती चिखलाचे विस्तीर्ण पट्टे आहेत, धक्का इतका लांब बांधलाय तो उगाच नाही. नकाशावर अधोरेखित आकडा दिसला तर ती खोली नव्हे, ओहोटीला तेवढी जमीन उघडी पडते.

नकाशाचं निघालंच म्हणून सांगते, पुस्तकासोबत सागरी नकाशे काढणाऱ्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचा मुंबई बंदराचा नकाशा घ्या. पिसं लावलेला बाण म्हणजे भरतीचा ओघ, बिनपिसांचा म्हणजे ओहोटीचा. पुस्तकात वेगाची जी उणीव आहे ती अशा खुणांनी थोडी भरून निघते. मोठ्या जहाजांचा मार्गही नकाशावरच दिसतो. न्हावा-शेव्याला जाणारं कंटेनर जहाज आपल्यासाठी थांबू शकत नाही, आणि नियमही तसाच आहे, वीस मीटरपेक्षा लहान नौकेने आणि शिडाच्या होडीने अरुंद मार्गात त्यांना अडथळा करायचा नाही. मार्ग काटकोनात ओलांडा, आणि ओघाच्या मधल्या दोन तासांत ओलांडू नका. वारा पडला तर ओघ तुम्हाला त्या मार्गातच वाहून नेतो. लाइफ जॅकेट अंगावर, व्हीएचएफ सोळा नंबरवर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ फोनमध्ये. घरी परतीची वेळ लिहून ठेवलेली.

पुस्तकाच्या आणखी मर्यादा. आकडे आकाशातल्या गणिताचे आहेत, हवेचे नाहीत. वायुदाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटीमीटर वर येतं, आणि सलग दोन दिवस नैऋत्येचा जोराचा वारा असला तर आणखी थोडं. पावसात अंबा आणि पाताळगंगेचं पाणी धरमतरच्या तोंडाशी ओहोटीत मिसळतं आणि तिचा जोर वाढवतं, भरती मात्र आळसावते. यातलं काहीच पानावर नसतं. पावसाळ्यात आम्ही होडी काढतच नाही, पण सप्टेंबरअखेरीला उशिराचा पाऊस असेल तर हे डोक्यात हवं. पुस्तक इंग्रजीत आहे. आकडेच वाचायचे असल्याने अडत नाही, तरी किनाऱ्यावरच्या मराठी मंडळींसाठी मुंबई-रायगडपुरती एक मराठी पुस्तिका निघाली, आणि तिच्यात रोजच्या उताराचा फरक छापला, तर मी पहिली प्रत घेईन. देशभरातल्या आणि बाहेरच्याही बंदरांची पानं त्यात असतात, आपल्याला लागतात ती थोडीच. मी अपोलो बंदरच्या पानांच्या झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालते आणि तीच होडीवर नेते. मूळ पुस्तक घरी, कोरडं.

घेताना चालू वर्षाचंच घ्या. गेल्या वर्षीच्या तारखेचा या वर्षीच्या पाण्याशी काही संबंध नसतो. डिसेंबरातच पुढच्या वर्षाचं मागवलं तर जानेवारीतली भांगाची रविवारं हातची जात नाहीत, आणि मुंबईत होडीसाठी जानेवारीइतका चांगला महिना नाही.